गालावरची तीट आणि जिभेवरचा डाग

"त्याच्यापुढं काही बोलू नका बाई, काळ्या जिभेचा आहे तो." हे वाक्य आपल्यापैकी कुणी ऐकलं नाही? आपल्या दुभाषी घरांत तर ते दोनदा ऐकायला मिळतं. माजघरात 'काळी जीभ' आणि अंगणात 'करिनालिगे'. हिंदीत 'काली जबान', तमिळमध्ये 'करुनाक्कु', मल्याळममध्ये 'करिनाक्कु'. भाषेच्या प्रश्नावर ज्यांचं कधी एकमत होत नाही ती सगळी मंडळी या एका बाबतीत एका सुरात बोलतात, याची मला नेहमीच गंमत वाटत आली आहे. अर्थही सगळीकडे एकच. ज्याच्या जिभेवर काळा ठिपका, त्याचं वाईट बोललेलं खरं होतं. चांगलं बोललेलं खरं होतं असं मात्र फारसं कुणी म्हणत नाही. तसं असतं तर परीक्षेच्या दिवसांत अशा माणसांच्या दारात आमच्या कॉलेजातल्या मुलांनी रांगा लावल्या असत्या.

मोठ्या माणसाबद्दल हे बोलणं चेष्टेत खपून जातं. पण हाच शब्द पाच दिवसांच्या बाळाला चिकटतो तेव्हा काय होतं, ते मला पांढुर्ण्यात जवळून पाहायला मिळालं.

नेहमीच्या वाचकांना माहीत आहे की माझं माहेर सौंसर. (लग्नानंतर इकडे आले तेव्हा "माहेर कुठलं?" या प्रश्नाला "सौंसर" असं उत्तर दिलं की समोरची बाई म्हणायची, "अहो सासर नव्हे, माहेर विचारलं!" हा विनोद मी वीस वर्षं ऐकते आहे.) नव्या वाचकांसाठी सांगते. नागपूरहून छिंदवाड्याकडे निघालं की मध्य प्रदेशात शिरल्यावर सौंसर लागतं, आणि नागपूर-बैतूल रस्त्यावर पांढुर्णा. संत्र्यांच्या बागा, कापूस, पोळा आणि वऱ्हाडी वळणाची मराठी. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा विदर्भ तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला आणि ही गावं मध्य प्रदेशातच राहिली. त्याच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. त्यामुळे घरात एक भाषा, शाळेत दुसरी आणि कचेरीत तिसरीच मिसळण हा प्रकार मला इथे येऊन नव्याने शिकावा लागला नाही. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके काढून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. असो.

माझ्या चुलत भावाला पांढुर्ण्यात मुलगी झाली. पाचव्या दिवशी मोठीमायचा फोन आला. मोठीमाय म्हणजे माझी थोरली काकू. एरवी तिचा आवाज फोनशिवायही सौंसरपर्यंत ऐकू जाईल असा. त्या दिवशी मात्र कुजबुजत होती.

"पोरीच्या जिभेवर काळं हाये वो बाई. रडत होती त पाह्यलं. कोनाले सांगजो नको."

मी विचारलं, बाळ दूध पितं का? पितं. ताप? नाही. रडणं दणदणीत? दणदणीत. मग काळजी कसली? तर ती म्हणाली, "पोरगं असतं त गोष्ट येगळी होती. पोरीच्या जातीले हे नाव लागलं म्हंजे लागलं."

तिची भीती आजाराची नव्हतीच. ती पंचवीस वर्षं पुढची होती.

तोवर घरात गोळा झालेल्या बायकांनी कारणं आणि उपाय दोन्ही शोधून काढले होते. कारणं अर्थातच आईच्या नावावर. गरोदरपणी ग्रहणात सुरी हातात धरली असेल. काळी द्राक्षं खाल्ली असतील. लोहाच्या गोळ्या घेतल्या, त्याचा रंग उतरला. हे शेवटचं मला फार धोक्याचं वाटतं, कारण या एका समजापायी कितीतरी गरोदर मुली सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्या गुपचूप परसात टाकून देतात. लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळं होत नाही आणि केशराने गोरं होत नाही. गोळ्या टाकल्या तर मात्र आईचं रक्त कमी होतं, आणि बाळंतपणात थोडा जरी रक्तस्राव झाला तरी तो तिला पेलत नाही.

उपाय ऐकून तर मी हादरले. कुणी म्हणालं मिठाने घासा. कुणी म्हणालं मध चोळा. एका म्हाताऱ्या शेजारणीने सांगितलं, सोन्याची अंगठी तापवून नुसती टेकवायची, डाग आपोआप जातो. मी मोठीमायला शपथ घातली की मी सांगेपर्यंत बाळाच्या तोंडात कुणाचं बोटसुद्धा जाऊ द्यायचं नाही.

ही शपथ उगाच नव्हती. तापलेल्या वस्तूने बाळाला डागण्याची रीत आपल्या देशात अजून गेलेली नाही. मेळघाटात बाळाचं पोट फुगलं की गरम विळ्याने पोटावर चटके देतात, त्याला 'डंबा' म्हणतात. मध्य प्रदेशातच शहडोल जिल्ह्यात २०२३ च्या फेब्रुवारीत न्यूमोनिया झालेल्या जेमतेम तीन महिन्यांच्या मुलीला पन्नासावर डागण्या दिल्या गेल्या, आणि ती दगावली. देणारे परके नव्हते, वैरी नव्हते. तिला बरं वाटावं म्हणूनच त्यांनी ते केलं होतं. मधाचंही तेच. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण त्यात एका घातक जंतूची बीजं असू शकतात. मोठ्यांच्या पोटाला ती सोसतात, तान्ह्याला नाही.

मी मराठीची एम.ए., जिभेबद्दल मला व्याकरणापुरतं कळतं. म्हणून भावाला आणि वहिनीला बाळासह नागपूरच्या एका बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, मीही रजा काढून गेले. डॉक्टरांनी सगळ्यात आधी काय केलं असेल? स्वच्छ कापडाचा तुकडा उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवून डाग हळूच पुसून पाहिला. डाग तसाच राहिला. साधीच गोष्ट, पण आमच्यापैकी कुणाला सुचली नव्हती. कितीतरी वेळा 'काळी जीभ' म्हणजे घुटीचा रंग असतो. हिरडा, मुरडशेंग, जायफळ, वेखंड (म्हणजे आपल्याकडच्या कन्नड आज्यांची 'बजे') उगाळून चाटवलं की जीभ रंगते. पुढे डॉक्टरांनी लोहाचे थेंब दिले तर त्यानेही रंगते. ते पुसलं जातं, दोन दिवसांत जातं. (पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच द्यायचं नसतं, घुटीही नाही, हे डॉक्टरांनी ओघात सांगितलं. मोठीमाय ते ऐकून खिडकीबाहेर पाहू लागली.)

मग त्यांनी विजेरी लावून नीट पाहिलं. जिभेच्या पाठीवर, मधोमध पण थोडा उजवीकडे, तुरीच्या डाळीएवढा तपकिरी-काळा डाग. सपाट. बोटाला न लागणारा. ओठ पाहिले, हिरड्या पाहिल्या, तळहात-तळपाय पाहिले, बाळाला पालथं करून पाठ पाहिली. कमरेवर निळसर लासं होतं. ते त्यांनी आम्हालाच दाखवलं आणि विचारलं, "याला घाबरला नाहीत?" नव्हतो घाबरलो. लासं तर घराघरांत असतं, पोर मोठं होता होता विरून जातं.

त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते. आपल्या सगळ्यांच्या कातडीत रंग बनवणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या माणसात त्या कमी आणि सावळ्यात जास्त, असं नाही. संख्या साधारण सारखीच असते, कोण किती रंग बनवतं यात फरक. हा रंग म्हणजे मेलॅनिन. बाळ पोटात असताना, पुढे जिथे पाठीचा कणा होतो त्या भागातून या पेशी निघतात आणि अंगभर पसरतात. कातडीत, केसांच्या मुळांशी, डोळ्यांत आणि तोंडाच्या आतही. प्रवासात काही पेशी पाठीच्या कातडीखाली खोलवर रेंगाळल्या की निळसर लासं दिसतं. जिभेच्या एखाद्या जागी त्यांनी जास्त रंग बनवला की तिथे तपकिरी डाग दिसतो. आपल्यापैकी निम्म्याजणांच्या हिरड्या आरशात पाहिल्या तर काळपट दिसतील. तोही हाच रंग. काहींच्या जिभेच्या टोकाला आणि कडेला बारीक दाणे तपकिरी असतात. तेही हेच.

जन्मतःच जिभेवर असणाऱ्या अशा सपाट डागाबद्दल २००३ साली अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्यांच्या मासिकात काही बाळांची नोंद प्रसिद्ध केली आणि त्याला वेगळं नाव सुचवलं. आपल्या आज्या-पणज्यांना जो डाग ठाऊक होता, त्याला वैद्यकाच्या पुस्तकात स्वतःचं नाव मिळायला एवढा उशीर लागला. त्या नोंदींमधलं मुख्य म्हणणं असं की हा डाग निरुपद्रवी असतो, मूल वाढेल त्या प्रमाणात वाढतो, त्याहून जास्त नाही. कापायची, जाळायची गरज नसते. लक्ष ठेवायचं, एवढंच.

लक्ष ठेवायचं म्हणजे काय, हे मात्र प्रत्येक घरात माहीत हवं. डाग जिभेपेक्षा वेगाने वाढू लागला, उंच झाला, त्यातून रक्त आलं, जखम झाली किंवा रंग बदलला, तर डॉक्टर गाठावा. निळसर-जांभळा आणि फुगीर असेल तर तो रंगाचा डाग नसून रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते. ओठांवर, तोंडाभोवती, गालाच्या आत असे पुष्कळ ठिपके उमटू लागले तर तेही दाखवावं, कारण एका आनुवंशिक विकारात असे ठिपके येतात आणि त्यात आतड्यात गाठी होतात.

आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्या शाकाहारी घरांनी मुद्दाम वाचावी. डाग जन्मतः नव्हता, बाळ सहा महिन्यांचं, वर्षाचं झालं आणि मग बोटांच्या पेरांवर, सांध्यांवर, कधी जिभेवर काळेपणा चढू लागला. बाळ फिकट, सुस्त. हसायचं ते हसेना, बसायचं ते बसेना. केस विरळ आणि भुरे. कधी हातपाय थरथरतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून भारतातल्या बालरोगतज्ज्ञांनी अशा बाळांचं वर्णन केलं आहे. त्यातल्या बहुतेकांत ब जीवनसत्त्वाचा बारावा प्रकार, म्हणजे आपण ज्याला बी-ट्वेल्व्ह म्हणतो, तो कमी असतो. आईच्याच शरीरात तो नसला तर दुधात कुठून येणार? तो मिळतो दूध-दही, अंडी, मासे, मटण यांतून. भाजी-भाकरीतून मिळत नाही. आणि आपल्या घरांत सगळ्यांना वाढून झाल्यावर दही शिल्लक राहिलंच तर ते सुनेच्या ताटात पडतं. वेळेवर औषध मिळालं तर काळेपणा काही आठवड्यांत उतरू लागतो आणि बाळ पुन्हा हसू लागतं. उशीर झाला तर बुद्धीच्या वाढीवर कायमचा परिणाम राहू शकतो. अशा बाळाची 'काळी जीभ' पाहून दृष्ट काढत बसलो तर त्या बाळाचे मोलाचे दिवस वाया जातात.

सौंसर तालुक्यातलं जामसावळीचं हनुमान मंदिर पंचक्रोशीतच नव्हे, नागपूरपर्यंत प्रसिद्ध आहे. तिथे मारुतीची मूर्ती निजलेली आहे आणि बाधा झालेल्या माणसांना लोक तिथे घेऊन येतात. मोठीमायचीही तिथे नेमाची वारी. तिला मी एवढंच म्हटलं, जामसावळीला जरूर जा, पण दवाखान्यातून येताना जा.

आता मुख्य प्रश्न. या माणसांचं बोललेलं खरं होतं, असं इतक्या लोकांना का वाटतं? पांढुर्ण्याच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, आणि एका काठावरून पांढुर्णा, दुसऱ्यावरून सावरगाव असे दोन्हीकडचे लोक दगड मारतात. ही गोटमार. दरवर्षी शेकड्यांनी जखमी होतात, काही वर्षी जीवही गेले आहेत. आता त्या सकाळी घराघरांतली प्रत्येक आई पोराला म्हणतेच, "जाऊ नको, डोकं फुटन तुहं." ज्यांची डोकी शाबूत राहतात त्यांच्या आयांचं बोलणं कुणी आठवत नाही. ज्याचं फुटलं त्याच्या घरी मात्र चर्चा होते, सकाळी कोण काय बोललं होतं? आणि ती बोलणारी सून असेल, विधवा काकू असेल, भांडखोर शेजारीण असेल, तर मग तिची जीभ पाहायची आठवण होते. जीभ आधी पाहून कुणी भाकीत लिहून ठेवत नाही. घटना आधी घडते, जीभ मागाहून तपासली जाते. आणि निम्म्या लोकांच्या तोंडात शोधलं तर काही ना काही काळं सापडतंच.

बाईचीच जीभ का तपासली जाते, हे मी वेगळं सांगायला नको.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. निबंध असा लिहायची की दोनदा वाचावा. वक्तृत्व स्पर्धेला मात्र काही केल्या उभी राहीना. हसताना तोंडावर हात. एकदा स्टाफरूमच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "मॅडम, माझ्या नालिगेवर मच्चे आहे." मच्चे म्हणजे तीळ. घरात लग्नकार्य निघालं की आजी तिला सांगायची, मुहूर्त होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. लहानपणी एकदा ती म्हणाली होती, पाऊस येणार. पाऊस आला, मांडव भिजला. जून महिना होता! जूनमध्ये पाऊस येणार हे सांगायला काळी जीभ कशाला हवी? पण ती मुलगी तेव्हापासून बोलताना आधी शब्द मनात तपासून घेते, यातून कुणाचं काही वाईट तर होणार नाही ना. 'तोंडात तीळ भिजत नाही' असं आपण बडबड्या माणसाला म्हणतो. हिच्या तोंडात तीळ होता आणि तिचं बोलणंच बंद झालं होतं.

जिभेबद्दल शहाणपणाने सांगणारे आपल्या दोन्ही भाषांत कमी नाहीत. 'ऊट बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल' ही म्हण आपल्या भागातल्या मराठी बायकाही सहज वापरतात. खायचं कळतं त्याला रोग नाही, बोलायचं कळतं त्याला भांडण नाही. पुरंदरदासांनी तर जिभेलाच उद्देशून तिची कानउघाडणी करणारं पद रचलं. ते जिभेचा रंग पाहून रागावलेले नाहीत, तिचं बोलणं ऐकून रागावले आहेत.

आणि आपली गंमत पाहा. बाळाला न्हाऊ-माखू घातलं की आपणच काजळाचं बोट त्याच्या गालावर टेकवतो. मराठीत तीट, कन्नडमध्ये दृष्टिबोट्टु. हा काळा ठिपका बाळाला राखतो म्हणे. आपण लावला तर तो राखणदार, आणि निसर्गाने जिभेवर लावून पाठवला तर तो वैरी! पोळ्याला ज्या बैलांना ओवाळतो त्यांतल्या कितीतरींच्या जिभेवर काळे पट्टे असतात. म्हशीची जीभ तर काळपटच. पुरणपोळी खाऊ घालताना त्यांचं तोंड आपण कधी तपासलं आहे?

हे सगळं मी मोठीमायला नागपूरहून परतताना गाडीत ऐकवलं. ती म्हणाली, "हे तू कालेजात सांग." म्हणजे पटलं नाही, असं मी समजले. पण बारशाच्या दिवशी पाळण्याभोवती बायका जमल्या, बाळाने जांभई दिली आणि एकीने नेमकं पाहिलं. "अगं बाई, हिच्या जिभेवर..." वहिनीचा चेहरा उतरला. तेवढ्यात मोठीमाय तिच्या मूळच्या, सौंसरपर्यंत ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाली, "तुही जीभ त सफा लाल हाये. तरी तू बोलली का दोन घरी भांडन लागतेच."

बायका हसल्या, ती बाईही हसली, आणि पाळणा म्हणायला सुरुवात झाली.

डॉक्टरांनी लसीच्या कार्डावर डागाचं माप मिलिमीटरमध्ये लिहून दिलं होतं, आणि दर लसीच्या वेळी मोजून शेजारी लिहायला सांगितलं होतं. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने, असे आकडे एकाखाली एक आहेत. वहिनीने सुरुवातीला डागाचा एक फोटोही काढून ठेवला, तो डॉक्टरांना फार उपयोगी पडला. पोरगी आता दीड वर्षाची होते आहे. जीभ वाढली तेवढाच डाग वाढला आहे. बोलायला लवकर लागली. फोनवर मला 'आत्ता' म्हणते आणि संत्र्याला 'तंतं'.